डावीकडच्या मेंढ्या

वैदेही सेलूकर मॅडम दर गुरुवारी वर्गाला सिनेमा दाखवायच्या आणि तो धड बघू द्यायच्या नाहीत. गोष्ट ऐन रंगात आली, की बटण दाबून पडदा थांबवायच्या आणि विचारायच्या, "सांगा, आत्ता ह्याच्या मेंदूत काय चाललंय?" पोरं हळहळायची. बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला प्राणिशास्त्रात मज्जासंस्थेचा पेपर होता, आणि फळ्यावर मेंदूचे कप्पे काढून तो कुणाच्या डोक्यात शिरत नाही, असा मॅडमचा तेवीस वर्षांचा अनुभव होता. सिनेमा मात्र शिरतो. चुकीचा असला तर जरा जास्तच शिरतो.

त्या दिवशी नायकाच्या डोक्यात सोटा बसला होता. तो आई, बायको, गाव सगळं विसरला होता, मोटारसायकल चालवायला मात्र विसरला नव्हता.

"मॅडम, और एक डंडा मारो, सब याद आयेगा," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"तेच होणार आहे शेवटी," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या फटक्यानं आठवण परत येत असती, तर दवाखान्यात डॉक्टर कशाला ठेवले असते? दोन पैलवान ठेवले असते. पण मोटारसायकलीचं दिग्दर्शकानं चुकून बरोबर दाखवलंय. हाताची आठवण निराळ्या जागी असते. लिहून घ्या."

वर्ग हसला, सृष्टी हसली नाही. सकाळीच पाचोडहून तिच्या आईचा, कस्तुराबाईचा, फोन आला होता. आबांनी, म्हणजे आजोबांनी, चार माणसांत दादांना चोर म्हटलं होतं. दादा म्हणजे सृष्टीचे वडील, शिवशंकर. "मेंढरं चोरून खाटकाला देतो म्हनले," आई सांगत होती. "सख्ख्या लेकाला. आता हे म्हनतेत, रविवार गेला की सोमवारी वाळूजला कंपनीत चाललो. मंग एकट्या आबाच्यानं मेंढरं व्हायची नायत. समदा कळप बाजारात न्यायचा म्हनं. तू ये बाई एकदा. तुझं ऐकतेत ते."

तास संपताना मॅडमनी घरचा अभ्यास दिला. घरातल्या एका माणसाबरोबर एक सिनेमा बघायचा. "पण तुम्ही पडद्याकडे बघायचं नाही, त्या माणसाकडे बघायचं. तो काय बघतो, काय सोडतो, ते लिहून आणा. आपण सगळे एकच सिनेमा बघतो असं तुम्हाला वाटतं. तसं नसतं."

शहरातल्या पुंडलिकनगरात सृष्टी ज्या खोलीत राहायची तिथं सई तिची जोडीदारीण होती. सईनं आपला लॅपटॉप दिला, त्यात एक जुना कौटुंबिक सिनेमा भरून दिला आणि कुठलं बटण काय करतं तेही दाखवलं. शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं सृष्टी निघाली.

दोन हजार एकोणीसचा फेब्रुवारी होता. धरण उशाला, कोरड घशाला म्हणतात ते त्या वर्षी पैठण तालुक्यानं पुरतं भोगलं. बीड रोडच्या चौपदरीकरणाची धूळ उडत होती. रस्त्याच्या कडेला जिथं आबा पूर्वी मेंढरं बसवायचे, तिथं आता पांढरे दगड रोवून प्लॉट पाडले होते. मेंढरांना शहरानं हुसकावलं होतं आणि रानानं काही राखून ठेवलं नव्हतं. पाचोडच्या एका मोसंबीवाल्यानं वाळलेल्या बागेत कळप बसवायला सांगितलं होतं, लेंडीखताच्या आशेनं. घरची चारही माणसं बागेच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत आली होती. चौथं माणूस म्हणजे सृष्टी, ती सुट्टीपुरती.

कळपात मेंढ्या किती, हे मात्र कुणी विचारू नये. मल्हाररावांच्या, म्हणजे आबांच्या, घरात मेंढ्या मोजायच्या नसतात. मोजल्या की दृष्ट लागते, असं त्यांच्या आज्यापासून चालत आलेलं. मग मेंढी हरवली हे कळायचं कसं? तर तोंडावरून. संध्याकाळी बागेच्या कोपऱ्यात वाघूर लावायची, म्हणजे जाळ्याचं कुंपण. त्याची एक बाजू उघडी ठेवायची. त्या फटीच्या मधोमध मल्हारराव काठी टेकून उभे राहायचे आणि दोन्ही अंगांनी आत शिरणाऱ्या मेंढ्यांची तोंडं बघायचे. डाव्या हाताला शिवशंकर, जाळं धरून. शेवटची मेंढी आत गेली की म्हातारा "आल्या" म्हणायचा. हा एक शब्द चाळीस वर्षं कधी खोटा ठरला नव्हता.

दिवाळीनंतर तो शब्द बिघडला. एके दिवशी ते म्हणाले, "काळतोंडी नाय आली." दुसऱ्या दिवशी कानफाटी नव्हती, बांडी नव्हती. रोज निराळ्या. सकाळी मात्र त्या कळपात चरताना दिसायच्या. त्यावर म्हाताऱ्यानं काढलेला अर्थ ऐकण्यासारखा होता. रात्री शिवा मेंढी खाटकाकडे नेतो, सौदा फिसकटतो, पहाटे परत आणून सोडतो. सौदा रोजच कसा फिसकटतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आणि मोजून सोक्षमोक्ष लावायची सोय नव्हती. शिवशंकर मुकाट ऐकून घ्यायचा. घरातला शब्द वेशीबाहेर गेला, तेव्हा मात्र त्यानं वाळूजची वाट धरायचं ठरवलं.

खरं सांगायचं तर सृष्टीच्या मनातही पाल चुकचुकली होती. दुष्काळ माणसाकडून काय करून घेईल, नेम नाही. तिनं दादांना विचारलं नाही आणि न विचारल्याची लाज तिला एसटीत वाटभर वाटत राहिली.

दुपारी जेवणं झाली. आबांनी ताटातली अर्धी भाकरी खाल्ली, ताट सरकवलं आणि कुरकुरले, "दुष्काळ हाय ते ठावं हाय, पर सुनबाईनं म्हाताऱ्याला अर्धीच भाकर वाढायची व्हय?" उरलेली अर्धी त्यांच्या ताटात, डाव्या बाजूला होती. कस्तुराबाईनं पदर तोंडाला लावला. हे रोजचंच होतं. आबा मुद्दाम छळतात, असं ती समजून चालली होती.

"आबा, चला सिनेमा बघू," सृष्टी म्हणाली. "कॉलेजचा अभ्यास हाय."

"सिनेमाचा अभ्यास?" आबा खूश झाले. "बेस हाय की. आमच्या टायमाला असता तर म्याबी शिकलो असतो."

लिंबाखाली पोत्यावर दोघं बसली. सृष्टीनं लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि मॅडमनी सांगितल्याप्रमाणे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. आबा रंगून गेले. दिसला बैल की त्याची किंमत करत, पाऊस दिसला की गप्प होत. मग एक प्रसंग आला. नवरा-बायको ओसरीत समोरासमोर बसून भांडतायत, नवरा डावीकडे, बायको उजवीकडे.

आबा वैतागले. "ह्या बाईला येड लागलं का काय? एकटीच बडबडती."

"एकटी कुठं, आबा? नवरा हाय की समोर."

"आवाज येतोय त्याचा. आत घरात आसंल. लाजला आसंल बोलून."

सृष्टीनं बटण दाबून पडदा थांबवला. तिनं लॅपटॉप हळूच उजवीकडे सरकवला. दोष नुसता डोळ्यांच्या डाव्या बाजूचा असेल, तर आता सगळा पडदा दिसायला हवा. तोच प्रसंग परत लावला. बाई परत एकटीच बोलत होती. नवरा परत घरात लपला होता. सृष्टीला ताटातली अर्धी भाकरी आठवली. मग फटीत डावीकडून शिरणाऱ्या मेंढ्या आठवल्या. मग आठवलं, की दादा रोज डाव्या बाजूलाच उभे असतात.

विहिरीच्या कडेला रेंज यायची. तिथून तिनं मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

मॅडमनी आधी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दिवाळीत काही झालं होतं का त्यांना? चक्कर, उलटी, हातात जोर नसणं?"

"व्हय मॅडम. डावा हात दिवसभर लुळा पडला हुता. सलाईन लावलं, बरे झाले."

"बघ, मी डॉक्टर नाही. मी प्राणिशास्त्र शिकवते. त्यांना घाटी दवाखान्यात न्यायचं, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं, आणि लवकर. तो झटका परत येऊ शकतो. पण तू विचारलंस म्हणून सांगते. मेंदूच्या उजव्या भागात रक्त पोचलं नाही, तर कधी कधी माणसाचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे बघतात, मेंदू घेत नाही. आणि आपण काही गाळतोय, हे त्याला कळत नाही. त्याच्या लेखी जग तेवढंच असतं, पुरं."

"मग ते कसे येतील मॅडम? त्यांना वाटतंय त्यांना कायबी झालं नाय."

"सांगून पटणार नाही. दाखवून कदाचित पटेल. मेंढ्या आत येतात त्याचं शूटिंग कर आणि चित्र उलटं कर. आरशात दिसतं तसं. डावं उजवीकडे येईल." आणि जराशानं म्हणाल्या, "सृष्टी, तेवीस वर्षं सिनेमे थांबवतेय मी. असं कुणी सांगितलं नव्हतं मला. जप त्यांना."

विहिरीच्या कडेवर बसल्या बसल्या तिला एक मेंढी आठवली. सृष्टी सहा-सात वर्षांची असताना कळपातली एक मेंढी गोल गोल फिरायला लागली होती, सारखी एकाच बाजूला. मेंढपाळांना हा रोग ठाऊक असतो, मेंदूत पाण्याची गाठ होते. शेजारी म्हणाले, विका खाटकाला. एकानं तर तिला सरळ करायला काठी उगारली. आबांनी ती काठी हिसकून घेतली. "तिला वाटतंय ती सरळच चालली हाय," ते म्हणाले होते. "तिला काय मारायचं?" मरेपर्यंत ते त्या मेंढीला पाला तिच्या वळणाच्या बाजूलाच ठेवायचे.

संध्याकाळी सृष्टीनं वाघरीच्या आत, आबांच्या पाठीमागे, एका पेटीवर मोबाईल टेकवून ठेवला. "आबा, शूटिंग करते. कॉलेजसाठी."

आबांनी पटका नीट केला. मेंढ्या आल्या. धूळ, घंटा, लेंड्यांचा वास आणि मागून येणारी दादांची शीळ. फटीच्या मधोमध आबा, डाव्या हाताला जाळं धरून दादा. मेंढ्या दोन्ही अंगांनी आत शिरल्या. शेवटची शिरल्यावर आबा म्हणाले, "कानफाटी नाय. चांदीबी नाय." मग समोर अंधाराकडे बघत म्हणाले, "झाली सुरुवात परत."

शिवशंकर हातभर अंतरावर उभा होता. त्यानं जाळं बांधलं आणि तो खोलीकडे गेला. आबांनी तिकडे पाहिलंही नाही. दादांना वाटत असणार, बाप आपल्याकडे ढुंकूनही बघत नाही. सृष्टीनं पेटीवरचा मोबाईल उचलला. अजून सांगायची वेळ झाली नव्हती.

शनिवारी सकाळी तिनं, रात्री मोबाईलमधलं शूटिंग भरून ठेवलेला, लॅपटॉप चहाबरोबर लिंबाखाली आणला. उद्या बाजार होता. आई चुलीपुढून उठून आली. दादा नेहमीसारखे येऊन आबांच्या डाव्या बाजूला, चार बोटं मागं सरून, बसले. बापाच्या बरोबरीनं बसायचं नाही, ही त्यांची लहानपणापासूनची रीत.

"कालचं शूटिंग बघा, आबा."

आबांनी पाहिलं. स्वतःच्या पाठीकडे बघून ते हसले. मग मेंढ्या ओळखत गेले, "ही लंगडी. ही काळतोंडी. हे तिचं कोकरू." संपल्यावर म्हणाले, "हाय का कानफाटी? म्या सांगत हुतो. आन् शिवाबी नाय बघ कुठं. मेंढरं येताना बाप एकटा हुबा. आता तूच बघितलंस."

दादांचा चेहरा उतरला. ते उठायला लागले. सृष्टीनं हातानं त्यांना बसवलं आणि सईनं दाखवलेलं बटण दाबलं. चित्र उलटलं. डावं उजवीकडे आलं.

"आता परत बघा, आबा. तेच हाय, कालचंच."

पहिल्यांदा आबा गोंधळले. मग पुढं सरले. "ही... ही कानफाटी हाय." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "आन् ही चांदी. आत चालली की. मंग म्या कसं..." बोट तसंच राहिलं. पडद्याच्या उजव्या कडेला एक माणूस जाळं धरून उभा होता. प्रत्येक मेंढी आत जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवत होता, आणि मेंढी गेली की मान वर करून म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होता, आज तरी "आल्या" म्हणतात का म्हणून.

"परत लाव," आबा म्हणाले.

तिनं परत लावलं. आबांनी तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी त्यांनी मेंढ्यांकडे पाहिलंच नाही.

"हा कवापासनं हुबा असतो हितं?"

"रोज असतेत, आबा. दिवाळीपासनं बी रोज."

मग सृष्टीनं ताटातली भाकरी सांगितली, ओसरीवरचा नवरा सांगितला, दिवाळीतला लुळा हात सांगितला. मेंदू हा शब्द तिनं एकदाच वापरला. आबा ऐकत होते की नाही कळत नव्हतं. त्यांनी आपला डावा हात उजव्या हातानं उचलून मांडीवर घेतला आणि दुसऱ्याची वस्तू बघावी तसा निरखून बघितला. कस्तुराबाई डोळे पुसत होती. तीन महिने ज्या अर्ध्या भाकरीचा तिला राग यायचा, ती आठवून आता तिला म्हाताऱ्याची कीव येत होती.

"म्हंजी म्या फिरायला लागलो," आबा म्हणाले. "त्या मेंढीवानी."

त्यांनी डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं एकेक चाचपली.

"आन् मला वाटत हुतं म्या सरळच चाललोय." ते म्हणाले. "लेकाला चोर म्हनलो. चार मानसांत म्हनलो. त्यानं काठी उगारली आसती तरी बरं झालं आसतं." त्यांनी समोर पाहिलं, मग उजवीकडे खोलीच्या दाराकडे पाहिलं. "शिवा कुठं गेला? त्याला बोलीव, पोरी. का गेला वाळूजला?"

शिवशंकर त्यांच्या डाव्या खांद्याला लागूनच बसला होता. सृष्टीनं त्याच्याकडे बघून उजवीकडे बोट दाखवलं. तेव्हा त्याला कळलं. तो उठला, बापाच्या पाठीमागून वळसा घालून गेला आणि उजव्या बाजूला, पहिल्यांदाच बरोबरीनं, पोत्यावर बसला.

आबांनी त्याला पाहिलं. फार दिवसांनी परगावाहून आलेल्या माणसाला बघतात तसं. मग उजवा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"कवा आलास?"

"हितंच हुतो, आबा."

"सोमवारी जायचं म्हनत हुतास."

"जायचं हाय की," शिवशंकर म्हणाला. "वाळूजला नाय. घाटीत. तुमाला घिऊन."

आबांनी मान हलवली. एसटीत मला खिडकीशी बसवू नको, तू उजव्या हाताला खिडकीशी बस, नायतर तू दिसायचा नाहीस, असं काहीतरी ते पुटपुटले. खिडकी कुठल्या बाजूची यावर बापलेकांत थोडा वाद झाला. कस्तुराबाई चुलीकडे गेली. तिनं आबांच्या ताटात अख्खी भाकरी उजव्या बाजूला ठेवली आणि ताट आणून त्यांच्यापुढे सरकवलं.